चार बोटांवरचा तांदूळ

"काका, हा मोतीबिंदू नाही. तुमच्या डोळ्याचा पडदा सुटलाय," असं म्हणून डॉक्टरबाईंनी डोक्याला बांधलेला दिवा बंद केला.

मी नगरच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात खुर्चीत मागे रेलून बसलो होतो. बाहुली मोठी करायचे थेंब घातल्यामुळे उजव्या डोळ्यापुढे सगळं पांढरंफट्ट झालं होतं. डावा डोळा माझा नावालाच आहे. लहानपणी विटी लागली, तेव्हापासून त्याला उजेड-अंधार कळतो, आणि फार तर समोर माणूस उभा आहे की खांब, एवढं कळतं. म्हणजे बाई बोलत होत्या तो माझा एकुलता एक डोळा होता.

"मग मोतीबिंदूचं काय?" मी विचारलं. प्रश्न खुळ्यासारखा होता, पण गेले पंधरा-वीस दिवस मी त्या मोतीबिंदूच्या भरवशावर निवांत होतो.

झालं असं होतं. आधी डोळ्यासमोर काळे ठिपके तरंगायला लागले. मग अंधारात मान वळवली की कडेला वीज चमकल्यासारखं व्हायचं. दुखत काहीच नव्हतं. मी ठरवून टाकलं की वय झालं, मोतीबिंदू आला. आणि आमच्याकडे मोतीबिंदू आला की लगेच दवाखान्यात पळत नाहीत, तो पिकू देतात. माझ्या आईनं पिकू दिला, चुलत्यांनी पिकू दिला, दोघांचंही चांगलं झालं. म्हणून मीही पिकू देत होतो. कुणी विचारलं तर "डोळा आढीत घातलाय" असं सांगून हसवत होतो. मग एका सकाळी नाकाच्या बाजूनं एक काळं सावट आलं, ते जाईना, उलट रोज थोडं आत सरकायला लागलं. तेव्हा बायकोनं, सुमननं, माझं काही न ऐकता माझ्या धंद्यातल्या जोडीदाराला, जब्बारभाईंना, फोन केला आणि त्यांच्या पिकअपमध्ये घालून मला नगरला आणलं.

हे मी मुद्दाम आधीच सांगतो आहे. ठिपके, चमक आणि कडेनं येणारं सावट ही मोतीबिंदूची लक्षणं नाहीत. यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. पिकायला तो आंबा नाही.

डॉक्टरबाई वयानं माझ्या मुलीएवढ्या असतील, पण समजावून सांगायची रीत छान होती. त्या म्हणाल्या, डोळ्याच्या आत मागच्या बाजूला एक पातळ अस्तर असतं, त्याला रेटिना म्हणतात. आपल्याला दिसतं ते त्या अस्तरामुळे. तुमच्या अस्तराला भोक पडलं, त्यातून पाणी मागे शिरलं आणि अस्तर भिंतीपासून सुटायला लागलं. याला रेटिनल डिटॅचमेंट म्हणतात. मग त्यांनी डोळ्याची सोनोग्राफी केली. तिला त्या बी-स्कॅन म्हणत होत्या. मिटलेल्या पापणीवर जेल लावून एक पेनासारखी नळी फिरवली, बस्स.

"आता नीट ऐका," त्या म्हणाल्या. "अस्तराच्या बरोबर मध्ये मॅक्युला नावाचा छोटा भाग असतो. माणसाचा चेहरा ओळखणं, वाचणं, सगळं त्याच्यावर चालतं. तुमचा मॅक्युला अजून चिकटलेला आहे, पण सावट त्याच्या काठापर्यंत आलंय. उद्या सकाळी ऑपरेशन केलं तर तुमची नजर वाचायची चांगली शक्यता आहे. आठवडाभर थांबलात तर पडदा मी चिकटवून देईन, पण नजरेचं काही सांगू शकणार नाही."

जब्बारभाई दाराशी उभे होते. ते म्हणाले, "बाई, ह्यांचं सगळं पोट त्या डोळ्यावर हाय. उद्याच करा."

ते खरं होतं. घोडेगावच्या शुक्रवारच्या बाजारात मी आणि जब्बारभाई गेली पंचवीसेक वर्षं म्हशींची दलाली करतो. गिऱ्हाईक आम्हाला बरोबर घेऊन फिरतं आणि आम्ही म्हैस बघून सांगतो. दात, कास, सड, पायाची ठेवण, चाल. माझी ख्याती खोड काढण्याची. विकणाऱ्यानं कितीही सारवासारव केली तरी माझ्या नजरेतून काही सुटत नाही, असं बाजारात बोललं जातं. सुमन म्हणते, "ह्यांना देवळात न्या, देवाच्या मूर्तीतबी खोड काढतील." आता ती नजरच जायची वेळ आली होती. तिथं खुर्चीत पहिल्यांदा मला खरी भीती वाटली.

उरलेला दिवस तपासण्यांत गेला. साखर, रक्तदाब, छातीची पट्टी म्हणजे ईसीजी. ऑपरेशन झेपेल की नाही हे दुसरा डॉक्टर लिहून देतो, त्याला सगळे फिटनेस म्हणतात. बाहेरच्या बाकड्यांवर आमच्यासारखे पुष्कळ जण माना वर करून डोळे मिटून बसलेले. दर थोड्या वेळानं सिस्टर येऊन थेंब टाकून जायच्या. कोण शेतकरी, कोण शिक्षक, काही कळायला मार्ग नव्हता. शेजारच्या बाईंनी मला विचारलं, "तुमचा हा कितवा डोळा?" मी म्हणालो, "पहिलाच, आणि शेवटचाबी." त्या हसल्या. मला नाही हसू आलं.

ऑपरेशनचं नाव व्हिट्रेक्टॉमी. डोळ्याच्या आत अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखा एक जेलीसारखा पदार्थ असतो. तो काढून घेतात, अस्तर जागेवर बसवतात, भोकाच्या कडेनं लेसर मारतात आणि शेवटी आत गॅसचा फुगा सोडतात. पूर्ण भूल देत नाहीत. डोळ्याच्या बाजूला एक इंजेक्शन देतात, ते टोचतं, मग तो सगळा भाग बधिर होतो. मी जागा होतो, त्यामुळे मला बाईंचं बोलणं ऐकू येत होतं. डोळ्यात उजेड होता आणि त्या उजेडात काळ्या काड्या हलताना दिसत होत्या. त्या माझ्याच डोळ्याच्या आतल्या सुया होत्या, हे मला नंतर कळलं. तेव्हा कळलं असतं तर मी टेबलावरून उठून पळालो असतो.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली आणि बाईंनी पुढचं सांगितलं. गॅसचा फुगा नेहमी वर चढतो. माझं भोक डोळ्याच्या मागच्या भागात होतं. मी पालथा झालो की मागचा भाग वर येतो, आणि फुगा बरोबर तिथं जाऊन भोकावर दाबून बसतो. म्हणून दहा दिवस मी तोंड जमिनीकडे करूनच राहायचं. झोपायचं पालथं, बसायचं तर कपाळ टेबलावर ठेवून. जेवायला, संडासला आणि औषधाला तेवढी सूट.

"माझं काम मी केलंय," बाई म्हणाल्या. "उरलेलं निम्मं काम तुमच्या मानेचं आहे, काका. मान वर केलीत तर फुगा भलतीकडे जाईल."

माझ्या मनगटाला एक पट्टी बांधली, डोळ्यात गॅस आहे असं लिहिलेली. गॅस असेपर्यंत विमानात बसायचं नाही, उंच घाट चढायचा नाही. जब्बारभाई गंभीर तोंड करून म्हणाले, "मंग इमानाचं रद्द करतो."

घरी येताना मी पिकअपमध्ये पुढे बसलो, समोर टॉवेलाची घडी ठेवून त्यावर कपाळ टेकलं. घोडेगावच्या चौकात गाडी थांबली तेव्हा ओळखीचे लोक खिडकीशी आले. मला तसं बघून कुणाला वाटलं मी प्यायलोय, कुणाला वाटलं घरात कुणी गेलंय. जब्बारभाई प्रत्येकाला सांगत होते, "काय न्हाई, फुगा हाय त्याच्यात."

पालथं राहायचं सांगणं सोपं आहे. तासाभरात मान आखडते, नाक दबतं, श्वास कोंडतो. दवाखान्यात सांगितलं होतं की शहरात यासाठी तोंडापुरतं भोक असलेली खुर्ची भाड्यानं मिळते. सुमननं आमची नवारीची खाट पुढच्या खोलीत ओढून आणली. डोक्याकडच्या दोन पट्ट्या सोडून बाजूला बांधल्या, कडेला मऊ लुगड्याच्या घड्या शिवल्या, आणि तोंडासाठी बरोबर जागा झाली. फरशी तिनं फिनेल टाकून पुसली. धूळ, धूर, गोठा, सगळ्याला मनाई होती. गोठा खिडकीच्या पलीकडे होता, आणि तिथं वाकडी बांधलेली होती.

वाकडीबद्दल सांगायला हवं. ही म्हैस चार-पाच महिन्यांपूर्वी एका सौद्यात माझ्या गळ्यात पडली होती. तिचं डावं शिंग डोळ्यावरून खाली वळलेलं. दिसायला अगदीच बेढब. बाजारात नेली की गिऱ्हाईक लांबूनच मान फिरवायचं, आणि मीही त्यांना दोष देत नव्हतो. सुमन म्हणायची, "गुणाची हाय, ऱ्हाऊ द्या." मी म्हणायचो, गुण काय शिंगाला बांधून फिरवू? ऑपरेशन झालं नसतं तर त्याच आठवड्यात मी तिला मिळेल त्या भावाला सोडणार होतो.

पहिले दोन दिवस फार वाईट गेले. उजव्या डोळ्यापुढे नुसता दुधाळ उजेड. फरशी काळी आहे की निळी तेही कळत नव्हतं. हे असंच राहिलं तर पुढं काय करायचं, हा एकच विचार. बाजारात आंधळ्या दलालाला कोण बरोबर घेणार? मुलगी संगमनेरला दिलेली आहे, तिचा रोज फोन यायचा आणि मी तिला सगळं बरं आहे सांगायचो. फोन ठेवला की रडायचो. पालथं पडून रडलं की पाणी गालावर येत नाही, सरळ फरशीवर पडतं. सुमन ते पुसायची.

तिसऱ्या दिवशी तिनं खाटेखाली पाट ठेवला आणि पाटावर तांदळाचं ताट.

"नुसतं पडून काय करताय? तांदूळ निवडा."

"मला दिसत नाही."

"मंग हातानं निवडा. खडा हाताला लागतो की."

मला राग आला. पण करायला दुसरं काहीच नव्हतं. हात धुऊन घेतले, खाटेखालून ताटात घातले आणि चाचपायला लागलो. काहीतरी खरखरीत लागलं. तो खडा की तांदूळ हे कळेना, म्हणून सवयीनं चिमटीत धरून डोळ्यापाशी नेला. डोळ्याला लावला नाही, चार बोटांचं अंतर ठेवून धरला.

आणि तो मला दिसला.

धूसर नाही, अंदाजानं नाही, लख्ख दिसला. तांदळाचा दाणा होता. एका टोकाला, जिथं कोंब असतो तिथं, छोटी खाच. अंगावर लांब बारीक रेघा. मधे पांढरा ढग आणि कडा मात्र आरपार, काचेसारख्या. मी बोटं थोडी लांब नेली तर दाणा गेला, पुन्हा जवळ आणली तर परत आला. मी जोरात हाक मारली. सुमन धावत आली, तिला वाटलं काहीतरी बिघडलं.

"तांदूळ दिसतोय," मी म्हणालो.

ती खाली फरशीवर बसली, ताट माझ्या हाताशी सरकवलं. मग म्हणाली, "आता तरी खडं काढा."

नंतर डॉक्टरबाईंना फोन केला तेव्हा त्यांनी सांगितलं की गॅसमुळे डोळ्याची लांबची नजर बंद होते, पण नाकापाशी धरलेली वस्तू काही जणांना फार स्पष्ट दिसते. म्हणजे नजर परत येईलच अशी खात्री नाही, पण आतली यंत्रणा चालू आहे असं समजा. मला तेवढं पुरलं.

त्या दिवसापासून मी ताटं मागवायला लागलो. तूरडाळ, शेंगदाणे, मोहरी, लाल मिरचीचं बी. शेंगदाण्याच्या लाल सालीवर शिरा असतात, तुम्ही कधी बघितल्यात? लसणाच्या पाकळीच्या सालाला किती रंग असतात, पांढऱ्याच्या आत जांभळा आणि त्याच्या आत गुलाबी. मीठ म्हणजे मला आजवर पांढरा चुरा वाटायचा, त्याचे खडे चौकोनी निघाले. एकदा सुमननं डोळ्यात थेंब टाकायला हात जवळ आणला तर तिच्या अंगठ्यावरची विळीची जुनी खूण दिसली, आणि मी ती खूण कधीची म्हणून विचारलं. "लग्नाच्या आदीची," ती म्हणाली. "आज दिसली व्हय तुमाला?"

आता हे वाचून कुणी म्हणेल, लसूण बघून काय पोट भरतं का. नाही भरत. पण दिवस भरतो. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना मी हेच सांगेन की त्या दहा दिवसांत फुग्याचा विचार करू नका, तो त्याचं काम करतो. हाताशी काहीतरी ठेवा. मला सकाळी जाग आली की आज काय बघायचं, हा विचार आधी यायचा आणि भीती नंतर. आधीच्या दोन दिवसांत ते उलटं होतं.

डोळ्याला जे मिळत नव्हतं ते कान गोळा करत होते. सकाळ-संध्याकाळ सुमन वाकडीची धार काढायची, आणि मी खिडकीच्या अलीकडे ऐकत पडलेला. आधी रिकाम्या बादलीवर टणटण आवाज, मग बादली भरत जाईल तसा तो जाड होत जायचा, शेवटी नुसता फेसात बुडाल्यासारखा. एका लयीत, कुठं खंड नाही. वाकडी पाय उचलत नव्हती. शेपूट मारत नव्हती. सुमन बादली घेऊन आली की ती घशातून एक हलका आवाज काढायची, आणि पान्हा लगेच सोडायची. एके दिवशी सुमनला ताप होता, शेजारच्या वहिनींनी धार काढली, तरी तोच आवाज, तीच लय. हे मी ऐकलं आणि मला नवल वाटलं. पंचवीस वर्षं मी म्हशींचा धंदा केला, पण म्हैस माझ्याकडे राहायची किती? ह्या बाजाराला घेतली, पुढच्याला विकली. मी जनावर बघायचो ते उभं, अनोळखी, गर्दीत बावरलेलं. घरातलं जनावर कसं असतं हे मला सुमनला विचारावं लागलं असतं, आणि मी विचारलं नव्हतं.

आठव्या-नवव्या दिवशी जब्बारभाई एका गिऱ्हाइकाला घेऊन आले. संगमनेरकडचा शेतकरी होता, शिंगाचं काही वाटत नाही म्हणाला, त्याला दुधाशी मतलब. म्हैस बघून झाली होती. आता भाव.

आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघं हातात हात देतात, वर टॉवेल टाकतात, आणि बोटं दाबून आकडा सांगतात. बाजूला उभ्या असलेल्या दहा जणांना काही कळत नाही. मी खाटेवर पालथा, तोंड भोकात, उजवा हात बाहेर लोंबकळलेला. गिऱ्हाईक फरशीवर मांडी घालून बसलं, जब्बारभाईंनी आमच्या हातांवर टॉवेल टाकला.

त्याची बोटं माझ्या बोटांना लागली आणि माझ्या अंगात एकदम वारं आलं. पहिला आकडा त्यानं पडेल दिला. मी त्याची बोटं बाजूला सारून माझा सांगितला. तो थांबला, पुन्हा दाबलं. त्याचा तळवा थोडा ओला झाला होता, म्हणजे त्याला म्हैस हवी होती. हे सगळं मला कळत होतं, आणि यात डोळ्याचं काहीच काम नव्हतं. आठवड्याभरात पहिल्यांदा मला वाटलं, डोळा गेला तरी मी अगदीच मोडीत निघणार नाही. त्याचा शेवटचा आकडा चांगला होता. बाजारात कधी मिळाला नसता इतका चांगला.

मी हात काढून घेतला.

"काय झालं?" जब्बारभाईंनी विचारलं.

"आत्ता नको," मी म्हणालो. "मी तिला अजून बघितली न्हाई."

"पाच महिने बाजारातून फिरवली आन् बघितली न्हाई? बाळासायब, डॉक्टरनं डोळ्यातलं काढलं का डोक्यातलं?"

गिऱ्हाईक भला माणूस होता. म्हणाला, "ह्यांना बरं वाटू द्या, मी पुन्हा येतो." ते गेल्यावर सुमन खाटेपाशी आली. त्या दिवशी तिनं आणलेल्या चहात साखर जरा जास्त होती.

दहा दिवसांनी नगरला तपासणीला गेलो. बाकड्यावर बसलो तेव्हा मी गुडघे हातानं घट्ट धरून ठेवले होते. बाईंनी पुन्हा तो डोक्याचा दिवा लावला. वर बघा, खाली बघा, उजवीकडे, डावीकडे. किती वेळ गेला कुणास ठाऊक.

"छान चिकटलाय," त्या म्हणाल्या. "मॅक्युला जागेवर आहे. आता मान वर करायला हरकत नाही."

सुमननं दोन्ही हात जोडले. जब्बारभाई बाहेर जाऊन उगाच गाडीची हवा तपासत बसले.

यापुढचं जे सांगणार आहे ते मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी इतका घाबरलो नसतो. मान वर केली तरी लगेच दिसत नाही. गॅस हळूहळू विरतो, त्याला आठवडे लागतात. सरळ बसून समोर बघितलं की एक आडवी रेघ दिसते, पाण्याच्या पातळीसारखी हलणारी. रेघेच्या वर स्वच्छ, खाली गढूळ. रोज ती रेघ थोडी खाली उतरते. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी उतरत जातं आणि एकेक पायरी उघडी पडते, तसं जग वरून खाली मोकळं होत जातं.

आधी मला पत्र्याचं आढं दिसलं आणि लिंबाचा शेंडा. सुमन सकाळी समोर उंबऱ्यावर बसून भाजी निवडायची. एका सकाळी तिचा भांग दिसला, त्यात पांढरे केस दिसले. दोन दिवसांनी कुंकू. मग भुवया, मग डोळे. खालचं नाक, तोंड गढुळात. मी चहा थंड करत बघत बसायचो.

"काय बगताय?" ती म्हणाली. "काय खोड सापडली का?"

"गप बस. अजून निम्मीच दिसतेस."

ती हसली हे मला रेघेच्या वरच्या डोळ्यांवरून कळलं. ते हसू पूर्ण दिसायला अजून पाच-सहा दिवस गेले, आणि ते दिवस मी मोजून काढले. फुगा शेवटी वाटाण्याएवढा झाला, एका कोपऱ्यात घरंगळायचा, आणि एका सकाळी नव्हताच.

शेवटच्या तपासणीत समोरच्या तक्त्यावरच्या खालच्या दोन ओळी सोडून मी सगळं वाचलं. बाई खूश झाल्या. मग म्हणाल्या, "आता एक सांगते, घाबरू नका. या ऑपरेशननंतर वर्षा-दोन वर्षांत बहुतेकांना मोतीबिंदू होतो. तुम्हालाही होईल, खराखुरा. या वेळी पिकू देऊ नका."

घरी आल्यावर मी तांदळाचा दाणा चार बोटांवर धरून बघितला. काही दिसलं नाही, नुसता पांढरा डाग. फुग्याबरोबर ती नजरही गेली होती. लांबचं सगळं परत मिळालं होतं आणि तरी मला त्या दाण्यासाठी चुटपुट लागली. मी जवळचा चष्मा करून घेतला. गुरुवारी संध्याकाळी, बाजाराच्या आदल्या दिवशी, तो लावून तांदूळ निवडायला बसतो. तितकं बारीक दिसत नाही, पण खाच दिसते. सुमन म्हणते, ताटात एकही खडा नसतो तरी तुमी निवडताच.

डॉक्टरबाई, त्यांच्या सिस्टर, थेंब टाकणारे हात, पिकअप घेऊन धावलेले जब्बारभाई आणि खाटेच्या दोन पट्ट्या सोडणारी माझी बायको, ह्यांच्यामुळे मी हे लिहितो आहे, आणि लिहिलेलं मला दिसतंय. बाजारातही आता जातो. खोडी अजून काढतो, धंदाच तो आहे. फक्त गिऱ्हाइकाला सांगतो की इथं उभं राहून काय कळतंय, धारेच्या वेळेला विकणाऱ्याच्या घरी जा, आणि डोळे मिटून ऐक. जब्बारभाई कपाळाला हात लावतात.

संगमनेरचा तो शेतकरी कबूल केल्याप्रमाणे पुन्हा आला. मी त्याला गोठ्यात घेऊन गेलो. उजव्या डोळ्यानं वाकडीला शिंगापासून खुरापर्यंत नीट बघितलं, अगदी बाजारात बघतो तसं. शिंग वाकडं ते वाकडंच होतं. पाठही थोडी दबलेली, ती आधी माझ्या नजरेतून सुटली होती. सुमन बादली घेऊन दारात उभी राहिली, तशी वाकडीनं घशातून तो हलका आवाज काढला. शेतकऱ्यानं हात पुढे केला. जब्बारभाईंनी खांद्यावरचा टॉवेल काढून माझ्याकडे दिला.

मी तो झटकला, घडी केली आणि माझ्याच खांद्यावर टाकला.

"लांबून आलात, चहा घेऊन जा," मी म्हणालो. "दूध हिचंच हाय."